राउंट्री पार्कचं फाटक

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात ऊझ नदीच्या काठी राउंट्री पार्क आहे. राउंट्री या कोको-चॉकलेटच्या कंपनीने 1921 साली तो शहराला दिला. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या आणि हाल सोसलेल्या आपल्या कामगारांच्या स्मरणार्थ. राउंट्री घराणं क्वेकर, म्हणजे युद्धच नाकारणाऱ्या पंथाचं. तरी कंपनीतली माणसं लढायला गेली. शिपायाचा पुतळा न उभारता मुलांना खेळायला जागा देण्यात मला तो सगळा पेच दिसतो.

दुसऱ्या युद्धातल्या कामगारांसाठी कंपनीने 1950च्या दशकात लोखंडी फाटक दिलं. तेही नवं नव्हतं. 18व्या शतकातलं, बकिंगहॅमशायरमधल्या रिचिंग्ज पार्कचं. (अशा जुन्या फाटकांना सरसकट ‘ओतीव’ म्हटलं जातं. हे घडीव आहे: साच्यात ओतलेलं नव्हे, तापवून ठोकलेलं. भाषांतरात हा फरक पहिल्यांदा निसटतो.) युद्धकाळात ब्रिटनमधल्या बागांची कितीतरी कुंपणं आणि फाटकं भंगार म्हणून काढून नेली होती. त्यानंतर दहा-बारा वर्षांत इथे आठवणीसाठी पुन्हा लोखंडच आलं.

ऊझचा पूर अजूनही बागेत शिरतो. फाटक नदीच्याच बाजूला आहे.