डॉजर्सचे दोन आवाज

आज क्रिकेट नाही, बेसबॉल. माझी टीम लॉस एंजेलिस डॉजर्स. तिकडची संध्याकाळची मॅच आपल्याकडे सकाळी पावणेआठच्या आसपास सुरू होते, म्हणजे ऑफिसला जाता जाता हेडफोनवर ऐकायला एकदम सोयीची. आणि ही टीम कानांनी बघायची सवय तशी जुनीच आहे.

डॉजर्स मूळचे न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे. १९५८ मध्ये मालकांनी टीम उचलून थेट लॉस एंजेलिसला नेली. स्वतःचं मैदान तयार नव्हतं, म्हणून पहिले चार सीझन कोलिझियम या अवाढव्य ऑलिंपिक स्टेडियममध्ये. मागच्या रांगांतून बॉल धड दिसायचाही नाही. मग लोक ट्रान्झिस्टर घेऊन यायला लागले. मॅच समोर चाललीय आणि हजारो लोक कानाला रेडिओ लावून विन स्कली काय सांगतोय ते ऐकतायत! १९६० मध्ये त्याने रेडिओवरूनच सांगितलं, आज अंपायर फ्रँक सेकरींचा वाढदिवस आहे, मी तीन म्हटलं की सगळ्यांनी शुभेच्छा द्या. आणि स्टेडियम एका सुरात ओरडलं.

स्कली १९५० पासून २०१६ पर्यंत बोलत होता, ६७ सीझन. पण मला तो आवडतो तो गप्प बसण्यासाठी. १९७४ मध्ये हँक आरनने डॉजर्सविरुद्धच ७१५ वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तेव्हा हा माणूस माइकपासून बाजूला झाला आणि नुसता गर्दीचा आवाज ऐकू दिला. आजकालच्या कॉमेंटेटरांनी हे एकदा तरी करून बघावं.

दुसरा आवाज हायमे हारीन. मूळचा इक्वेडोरचा, १९५५ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा त्याने बेसबॉल बघितलाही नव्हता. स्टेशनने विचारल्यावर आधी खेळ शिकायला वेळ मागून घेतला आणि १९५९ पासून स्पॅनिशमध्ये सुरुवात केली. बाहेरगावच्या मॅचला त्याला नेत नसत. मग तो लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बसून स्कलीचं इंग्रजी ऐकायचा आणि तिथल्या तिथे स्पॅनिशमध्ये मॅच उभी करायचा. अशी कित्येक वर्षं!

आता कडू भाग. १९६२ साली उघडलेलं डॉजर स्टेडियम शावेझ रव्हीन भागात आहे. तिथे मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांची वस्ती होती. सरकारी घरकुलांच्या नावाखाली ती उठवायला सुरुवात झाली, घरकुलं बारगळली आणि जागा गेली बेसबॉलला. मे १९५९ मध्ये शेवटच्या कुटुंबांना पोलिसांनी घरातून ओढून बाहेर काढलं. त्याच वर्षी हारीन माइकवर आला, हे लक्षात घ्या. ज्यांची माणसं उठवली, त्यांनी ह्या टीमसाठी टाळ्या का वाजवाव्यात?

अनेकांनी वाजवल्या नाहीत. ते थोडं बदललं १९८१ मध्ये. फर्नांडो वालेन्झुएला, मेक्सिकोतला २० वर्षांचा पिचर, इंग्रजी जवळजवळ येत नाही, आणि पहिल्या आठही मॅच जिंकून बसला. पत्रकारांसमोर त्याचा दुभाषा कोण? हारीन! स्टेडियम मेक्सिकन प्रेक्षकांनी भरायला लागलं. त्यामुळे जुना हिशेब मिटला असं मी म्हणणार नाही, तिथून उठवलेल्या लोकांनी तो ठरवायचा. हारीन २०२२ पर्यंत बोलत राहिला आणि त्याच वर्षी स्कली गेला, ९४ व्या वर्षी.

ऐकायचंच असेल तर ९ सप्टेंबर १९६५ ची शेवटची इनिंग शोधा, सँडी कोफॅक्सचा परफेक्ट गेम. स्कली मधेमधे घड्याळातली वेळ सांगतो. रेकॉर्डिंग कोफॅक्सला आठवण म्हणून राहील, तेव्हा वेळही त्यात असू दे, एवढाच त्याचा विचार होता.