आराखडा नसलेले विमान

जुन्या विमानाची प्रतिकृती तयार भागांवाचून, मुळापासून घडवायची तर आधी आराखडा लागतो. पंखांचा पसारा, फासळ्यांची संख्या, कापडाचा ताण, प्रत्येक माप कुठून तरी घ्यावे लागते. शिवकर बापूजी तळपदे यांच्या ‘मरुत्सखा’पाशी हौशी कारागीर इथेच अडतो.

चिराबाजारातल्या या पाठारे प्रभू गृहस्थाने १८९५ साली चौपाटीवर निर्मनुष्य विमान उडवले, ते पंधराशे फूट चढले, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज पाहायला होते, अशी कथा सांगितली जाते. कथेत एवढे सारे आहे. पंखाचे माप तेवढे नाही.

मग कारागीर ‘वैमानिक शास्त्रा’तल्या चित्रांकडे वळतो. शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर! नावे मोहात पाडणारीच. पण पंडित सुब्बराय शास्त्रींच्या सांगण्यावरून ही चित्रे एल्लप्पा नावाच्या आरेखकाने बंगळुरात काढली, ती १९२३ साली. तळपदे त्याआधीच वारले होते. १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी हा ग्रंथ तपासला. तो १९०४ च्या आधीचा नाही आणि यातले विमान उडू शकत नाही, असा त्यांचा निर्वाळा. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी प्रतिकृती करून पाहिल्या, पण एकही उडाली नाही, हेही त्यांनी नोंदवले आहे. कथा सांगणारे हे वाक्य सहसा गाळतात.

समजा, छोटी प्रतिकृती उडाली, तरी काय सिद्ध होते? एकास चोवीस प्रमाणात पंखाचे क्षेत्रफळ ५७६ पटींनी घटते, वजन मात्र १३,८२४ पटींनी. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस इंचावरचा भार चोविसावा हिस्सा. खेळणे उडते ते यामुळेच. अमेरिकेत लँग्लींचे वाफेवरचे निर्मनुष्य विमान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. त्याच धर्तीचे माणूस नेणारे मोठे विमान १९०३ साली दोनदा नदीत कोसळले. दुसऱ्यांदा, राइट बंधूंच्या उड्डाणाच्या नऊच दिवस आधी. लँग्लींचे ते छोटे यंत्र मात्र स्मिथसोनियनमध्ये जपलेले आहे, त्याची मापे घेता येतात.

तळपद्यांची जिद्द मला खोटी वाटत नाही. बांबू आणि रेशीम घेऊन कोणी ‘मरुत्सखा’ जरूर बांधावा. फक्त खालच्या पट्टीवर ‘१८९५’ कोरू नये. ‘१९२३ च्या चित्रांवरून’ एवढे लिहावे.