मजल आणि मुक्काम

दसऱ्याचें सीमोल्लंघन हा आज आपणांस एक सांकेतिक विधि वाटतो. आपट्याचीं पानें वाटलीं, वडिलांच्या पायां पडलें, कीं तो पुरा झाला. परंतु अठराव्या शतकांतील महाराष्ट्रास तें खरोखरीचें प्रस्थान असे. पाऊस ओसरावा, नद्यांना उतार मिळावा, रानांत चारा उभा असावा, मग घोडीं बाहेर काढावींत आणि मृगापूर्वीं घरीं परतावें, हा त्या काळचा वर्षक्रम. अर्थात् मराठ्यांची घोडदौड ही मुख्यतः हिंवाळ्यांतून सुरू होणारी घोडदौड होती. आजहि थंडी पडूं लागली म्हणजे पहांटेच्या वेळीं पुणें-नगर रस्त्यावर मोटारसायकलींची एखादी रांग दिसते, ती चहासाठीं थांबते, आणि हेल्मेटांखालून पांढरे केस बाहेर येतात, तेव्हां त्या जुन्या ऋतुक्रमाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

थंडींतले लांबचे पल्ले हें तरुणांचेंच काम, हा समज इतिहासास मान्य नाहीं. ज्यांच्या सुनेचें, म्हणजे अहिल्याबाईंचें, नांव २०२४ सालीं नगर जिल्ह्यास मिळालें, त्या मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ चा. १७५७-५८ चा हिंवाळा उत्तर हिंदुस्थानांत काढून रघुनाथरावांबरोबर ते पंजाबांत उतरले, आणि १७५८ च्या एप्रिलांत मराठे लाहोरास पोंचले, तेव्हां मल्हाररावांनीं पासष्टी गांठली होती. याचें श्रेय त्यांच्या काटकपणास आहेच. परंतु कांहीं अंशीं तें वाहनासहि दिलें पाहिजे. घोडा थकतो. त्याला पाणी लागतें, चंदी लागते, खरारा लागतो. म्हणून दिवसाची मजल बेताची आणि मजलेअखेर मुक्काम ठरलेला. शिवाय त्याच्या अंगाची ऊब स्वारासहि मिळते. जनावराची जी गरज, तीच म्हाताऱ्या स्वाराची ढाल होती.

पुणें-नगर रस्त्यास हा इतिहास परका नाहीं. भीमथडीचीं तट्टें ज्या भीमेच्या खोऱ्यांत वाढलीं, त्या भीमेसच मिळणारी घोड नदी या वाटेवर शिरूरजवळ आडवी येते. १८१७ सालीं इंग्रजांनीं उभारलेल्या ‘पूना हॉर्स’ या घोडदळाचा तळ पुढें बरींच वर्षें शिरूरास होता. पुढें घोड्याची जागा यंत्रानें घेतली. नगर येथें १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे, तें या स्थित्यंतराची साक्ष देतें. मध्यम वर्गाच्या दारीं फटफटी आली ती याहून उशिरां. मद्रासेस १९५५ सालीं एन्फील्ड कंपनी निघाली, त्यानंतर म्हैसुरास ‘जावा’ होऊं लागली, आणि मूळच्या नगरच्या फिरोदिया घराण्याची ‘लूना’ १९७२ सालीं रस्त्यावर आली. त्या काळीं जे कॉलेजांत होते, ते आज सत्तरीच्या आगेंमागें आहेत. हींच तीं पांढऱ्या केसांचीं मंडळी.

यंत्राचा एक मोठा गुण आहे, तोच त्याचा दोषहि आहे: तें थकत नाहीं. आणि तें ऊब देण्याऐवजीं ती काढून घेतें. हवेंत दहा अंशांची थंडी असतां ताशीं साठ किलोमीटरच्या वेगानें जाणाऱ्याच्या उघड्या कातडीस ती पांच अंशांसारखी लागते. बोटें बधिर होतात, ब्रेक दाबण्यास क्षणभर उशीर होतो. वार्धक्यांत शरीराची कुडकुडण्याची शक्ति मंदावते, इतकेंच नव्हे, तर थंडी वाजत असल्याची जाणीवहि बोथट होते. म्हणजे ज्यानें प्रथम थांबावें, त्यालाच तें शेवटीं कळतें.

जर्मनींत १९५६ च्या जानेवारींत अर्न्स्ट लेव्हर्कुस यांनीं स्टुटगार्टजवळ ऐन थंडींत मोटारसायकलस्वारांचा मेळावा भरविला. ‘हिरवा हत्ती’ या टोपणनांवाच्या एका जोडगाडीवरून तो ‘हत्तींचा मेळावा’ म्हणून प्रसिद्ध झाला, आणि पुढें बव्हेरियाच्या अरण्यांत गेला. तेथें शर्यतीस महत्त्व नाहीं. बर्फांत तंबू ठोकून, शेकोटीभोंवतीं जुन्या सोबत्यांसह रात्र काढणें, हेंच त्याचें सार. तेथेंहि अखेर मुक्कामच मोठा ठरला.

शिरूर ओलांडून वाडेगव्हाणास वळलें, कीं पारनेर तालुक्याचें कोरडें पठार लागतें आणि थोड्याच वेळांत राळेगणसिद्धी येतें. लष्करांत मोटारचालक असलेले अण्णा हजारे १९७५ सालीं नोकरी संपवून याच गांवीं परतले; पुढें बंधारे-ताली घालून पावसाचें धांवतें पाणी थांबविण्याच्या कामामुळें गांवाचें नांव सर्वत्र झालें. पुण्याहून येथवरच्या वाटेस घोड्यावर दोन-तीन मजला सहज लागाव्या. आज ती दोन-अडीच तासांत सरते. म्हणूनच वृद्ध मित्रांनीं रांजणगांवास एकदां, शिरूरास एकदां, असे थांबे आधींच ठरवून घ्यावे, आणि सर्वांत सावकाश चालविणाऱ्यास पुढें घालावें. मागून येणाऱ्यास पुढच्याचा झुकलेला खांदा व डळमळणारी गाडी दिसते. ती ज्याची त्याला दिसत नाहीं. घोडा जें काम मुकाट्यानें करीत असे, तें आतां मित्रानें बोलून करावयाचें आहे. मोठ्यानें हांक मारून ‘थांबा’ म्हणणारा असा एक जण सोबत असेल, तर सत्तरीच्या माणसानेंहि हिंवाळ्यांत खुशाल सीमोल्लंघन करावें.