गिरगावातील बिऱ्हाड

मराठीत घर आणि बिऱ्हाड हे शब्द समानार्थी नाहीत. घर असते ते गावाकडे, वडिलार्जित. त्याला ओटी असते, परसू असते, आणि त्याच्या भिंतीत कोणा पणजोबाने पुरून ठेवलेल्या धनाची एखादी दंतकथाही असते. बिऱ्हाड हे पोटापाण्याच्या गावी करावयाचे, आणि ते बहुधा भाड्याच्या जागेत. कानडीतील 'बिडार' या शब्दाशी जाणकार त्याचे नाते जोडतात. तळ, मुक्काम, उतरण्याची जागा, अशा छटा त्यात आहेत. म्हणजे आज ना उद्या तळ उठावयाचा आहे, हे त्यात गृहीतच धरलेले असते. गिरगावच्या इतिहासातील गंमत अशी की, तेथे ज्यांनी तळ ठोकला त्यांचा तळ तीन-तीन, चार-चार पिढ्या हलला नाही. आणि ज्यांच्या त्या इमारती, त्यांची मालकी मात्र हळूहळू पावतीपुस्तकापुरती उरली.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांना मुंबईत एखादा आप्त असतोच, आणि मागील पिढीत तो पुष्कळदा गिरगावात असे. परीक्षेसाठी, इस्पितळाच्या कामासाठी, लग्नाच्या खरेदीसाठी त्याच्या दोन खोल्यांत उतरलेल्या पाहुण्यांची गणती नाही. त्या खोल्यांचे भाडे इतके थोडे का होते, त्या कधी रिकाम्या का होत नसत, आणि आता त्या एकामागून एक नाहीशा का होत आहेत, हे पाहावयाचे तर प्रथम गिरगाव म्हणजे काय होते ते पाहिले पाहिजे.

गिरगाव मूळचे शहर नव्हे. इंग्रजांच्या कोटाबाहेर, समुद्राच्या बाजूला पसरलेली ती बागायत होती. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी ही नावे आजही तेथल्या गल्ल्यांच्या तोंडाशी पाटीवर वाचावयास मिळतात. तेथे फणस मात्र एकही दिसणार नाही. मुगभाट आणि बोरभाट या नावांतील 'भाट' म्हणजे काय हे गोमंतकातील श्रोत्यांना सांगावयास नको. माडांच्या बागायतीला तिकडे भाटच म्हणतात. या वाड्यांचे धनी पाठारे प्रभू, सोमवंशी क्षत्रिय पाठारे, तसेच ईस्ट इंडियन म्हणून ओळखले जाणारे मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाच्या नावाची खोताची वाडी पुढे ख्रिस्ती कुटुंबांच्या लाकडी, कौलारू घरांनी भरून गेली, आणि त्यांतील काही घरे अद्याप उभी आहेत. जुन्या गिरगावचा चेहरा कसा होता याची थोडी कल्पना तेथेच येते.

बागायतीची चाळ झाली ती कापसाने. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ सालचे, म्हणजे ऐन या धामधुमीतले. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८६५ साली युद्ध संपले, शेअरांचा फुगा फुटला, अनेकांची दिवाळी निघाली, आणि १८७२ च्या खानेसुमारीत तीच संख्या ६,४४,४०५ वर आलेली दिसते. परंतु तेजीत आलेला पैसा काही अंशी दगडविटांत गुंतला होता, आणि जमिनीच्या तुकड्यातून नियमित उत्पन्न काढण्याची युक्ती धनिकांना कळून चुकली होती. ती युक्ती म्हणजे चाळ.

चाळीच्या रचनेत कला नाही, हिशोब आहे. मध्ये जिना, प्रत्येक मजल्यावर लांबच लांब गॅलरी, तिला लाकडी कठडा, आणि गॅलरीवर उघडणाऱ्या खोल्यांची रांग. खोलीच्या कोपऱ्यात मोरी, वर सामानासाठी माळा, भिंतीला खुंट्या. नळ आणि संडास मजल्याच्या टोकाला, सर्वांना मिळून. मालकाच्या दृष्टीने एका छपराखाली जास्तीत जास्त भाडेपावत्या बसविण्याचा हा प्रकार होता. भाडेकरूंच्या दृष्टीने तो वेगळाच ठरला. ज्या गॅलरीची योजना केवळ जाण्यायेण्यासाठी होती, तेथेच पापड वाळले, अभ्यास झाले, सोयरिकी जुळल्या आणि भांडणे झाली. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. शांतारामाच्या चाळीत होमरूल चळवळीच्या काळात राजकीय सभा भरल्या. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने तिच्यात आपले शेजारी ओळखले. तरीही त्या जीवनाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरली जाते. १९२१ च्या सुमारास या शहरातील जवळजवळ दोन-तृतीयांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. एका खोलीत बाळंतपण, आजारपण आणि नवपरिणीत जोडपे एकाच वेळी सांभाळावे लागे. त्याला केवळ जिव्हाळा म्हणणे हे दुरून पाहणाऱ्याचे बोलणे आहे.

शिवाय ही खोली सर्वांना मिळत नसे. गिरगावात बिऱ्हाड करावयाचे तर पैशाआधी ओळख लागे; कोणाचे कोण, कोणत्या गावचे, हे आधी विचारले जाई, आणि त्या चौकशीचा खरा रोख जातीकडे असे. वाड्यावाड्यांतून एकाच ज्ञातीची वस्ती दिसते ती काही योगायोगाने नव्हे. अस्पृश्य मानलेल्या समाजातील माणूस कितीही शिकलेला असला तरी खाजगी मालकाचा दरवाजा त्याला सहसा उघडत नसे. परदेशी विद्या घेऊन आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली बडोद्यात राहावयास जागा मिळू नये, आणि मुंबईत त्यांचा संसार वर्षानुवर्षे परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत व्हावा, यात भाड्याच्या जागेचा अर्धा इतिहास आला. ती चाळ सार्वजनिक संस्थेने बांधलेली होती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तो ट्रस्ट निघाला प्लेगमुळे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि शहराची दाट वस्ती हाच रोगाचा आश्रय आहे असे सरकारच्या मनाने घेतले. १८९८ साली स्थापन झालेल्या ट्रस्टने जुनी वस्ती फोडून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले. हवा आली खरी. पण जी घरे पाडली त्यांतील माणसे उरलेल्या घरांत अधिक दाटीने शिरली. याच सुमारास कारवार-कानडा भागातून आलेल्या सारस्वत मंडळींनी तिसरा मार्ग शोधला. श्रीपाद सुब्राव तलमकी यांच्या खटपटीने १९१५ साली गिरगावालगत गावदेवीत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. सभासदांनी भांडवल जमवावे आणि सभासदांनीच भाडेकरू व्हावे, असा तो प्रयोग होता. तो यशस्वी झाला, परंतु ज्यांच्यापाशी महिनाअखेर काही शिल्लक उरत होती अशांपुरताच.

पहिले महायुद्ध चालू असता मुंबईत माणसे वाढली आणि बांधकाम थांबले. भाडी भडकली. १९१८ साली सरकारला भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा करावा लागला; युद्धोत्तर निकड ओसरल्यावर तो संपला. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ साली, पुन्हा तीच पाळी आली. आणि मग १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला, ज्याने गिरगावचे पुढील अर्धशतक ठरविले. त्याचे सूत्र सोपे होते. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे. त्यापलीकडे मालकाने जाऊ नये, आणि नियमित भाडे देणाऱ्या भाडेकरूस कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून काढू नये. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत असताना हा कायदा झाला नसता तर हजारो कारकून, शिक्षक, जुळारी, गिरणीकामगार रस्त्यावर आले असते, याबद्दल शंका नको. चूक कायदा करण्यात नव्हती. मुदतीचा म्हणून केलेला कायदा वारंवार मुदत वाढवून चालविण्यात ती होती. कोणत्याही सरकारला लक्षावधी भाडेकरूंची नाराजी पत्करावयाची नव्हती, आणि मालकांची मते थोडी.

किमती वाढत गेल्या, भाडे गोठले. मालकाने भिंतीला चुना लावणे सोडले. पुढे गळके कौलही बदलेना. भाडे वसूल करावयास येणारा मेहताजी पावती फाडी, आणि दुरुस्तीचे नाव काढले की त्याच पावतीवरील आकड्याकडे बोट दाखवी. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

मग पागोट्याची पगडी झाली. म्हणजे डोक्यावरची पगडी व्यवहारात आली. नवा भाडेकरू जागा घेताना मालकाला, किंवा जुन्या भाडेकरूला, एकरकमी पैसा देई. त्याला पावती नसे. १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे हा गुन्हा ठरविला होता. प्रत्यक्षात साऱ्या शहराला तिचे दर ठाऊक होते. खोली भाड्याची, परंतु तिचे मोल मालकीचे. अशी ही विलक्षण मिळकत झाली. कागदावर पंधरा-वीस रुपये भाड्याच्या जागेसाठी भावाभावांत दावे लागले. मुलगा नोकरीनिमित्त डोंबिवलीस वा पुण्यास गेला तरी खोलीचे कुलूप आणि शिधापत्रिकेवरील पत्ता तो सोडीत नसे, कारण ताबा सुटला की हक्क सुटला. कित्येक खोल्यांत पोटभाडेकरू आले, आणि मूळ भाडेकरू स्वतःच लहानसा मालक झाला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने पगडीची देवघेव अखेर कायदेशीर केली. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, आणि त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. त्यापूर्वी १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, जुन्या कायद्यातील गोठविलेले भाडे आता वाजवी म्हणता येत नाही, असे स्पष्ट सांगितले होते. पण वीस रुपयांचे चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे. साठ वर्षांचे अंतर त्या गतीने तुटणारे नव्हते.

इमारती मात्र कायद्यासाठी थांबल्या नाहीत. पावसाळ्यात कोसळणाऱ्या चाळींच्या बातम्या वाढल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर उपकर बसवावा आणि त्यातून मंडळाने दुरुस्ती करावी, अशी ती योजना. शहरातील एकोणीस हजारांहून अधिक इमारती तिच्याखाली आल्या. सरकारी भाषेत त्या 'उपकरप्राप्त' झाल्या. तुळयांना टेकू लागले, काही वर्षे निभावली. १९८६ साली कायद्यात आणखी एक प्रकरण जोडले गेले: सत्तर टक्के रहिवाशांनी एकत्र येऊन मागणी केल्यास सरकारने इमारत संपादन करावी आणि रहिवाशांच्या सहकारी संस्थेस द्यावी, मालकास मोबदला मासिक भाड्याच्या शंभरपट. चाळीस खोल्यांची चाळ आणि खोलीमागे वीस रुपये भाडे धरले तर महिन्याचे आठशे, आणि संपूर्ण इमारतीचे जमिनीसकट ऐंशी हजार रुपये होतात. मालक न्यायालयात गेले यात नवल नाही. तो वाद नऊ न्यायाधीशांच्या पीठापर्यंत चढला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी पीठाने बहुमताने सांगितले की, प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही. मूळ प्रकरण टिकते की नाही, याचा निवाडा मात्र त्या पीठाने केला नाही.

भाडेकरूंची बाजू कोणी हलकी लेखू नये. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी गिरगावापासून जवळच, भेंडी बाजाराच्या पाकमोडिया स्ट्रीटवर हुसैनी ही जुनी इमारत कोसळून तेहेतीस माणसे मेली. जागा सोडा म्हणणे सोपे असते. संक्रमण शिबिरात गेलेले कुटुंब परत केव्हा येईल याचा भरवसा नसतो, आणि तेथे म्हातारपण काढलेली माणसे मुंबईत थोडीथोडकी नाहीत. म्हणून टेकू दिलेल्या जिन्यावरून रोज चढउतार करीत लोक राहतात. हा हट्ट नव्हे, हिशोबच आहे.

१९९१ च्या विकास नियमांनी नवा तोडगा आणला. भाडेकरूंना नव्या इमारतीत मालकी हक्काची सदनिका विनामूल्य द्यावयाची, आणि बांधणाऱ्याने वाढीव चटईक्षेत्रावर उरलेल्या जागा बाजारभावाने विकावयाच्या. त्यातून गिरगावच्या आकाशात उंच मनोरे आले. भुयारी मेट्रोच्या कामासाठी गिरगाव-काळबादेवीतील आणखी काही जुन्या इमारती पाडण्यात आल्या. ज्या वाडीत चार चाळी होत्या तेथे आता एक दरवान, एक कमान आणि वर जाणारा लिफ्टचा पाळणा असतो. चौथ्या पिढीचा भाडेकरू तेथे प्रथमच मालक होतो. त्याच्या हाती पहिले पत्र येते ते संस्थेच्या मासिक देखभाल खर्चाचे, आणि तो आकडा त्याच्या आजोबांनी वर्षभरात भरलेल्या भाड्याहून कितीतरी मोठा असतो. काही जण तो भरतात. काही जण सदनिका विकून डोंबिवलीस किंवा विरारला मोठी जागा घेतात, आणि भाद्रपदात गणपतीच्या दहा दिवसांसाठी गाडी पकडून चर्नी रोडला उतरतात.