हिंदी महासागराचे नमुने : लंडन ते कोची

जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक हे पोर्तुगीज काळात सरहद्दीवरचे रेल्वे स्टेशन होते. डिसेंबर १९६१ मध्ये ती सरहद्द संपली. पुढे १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुख्यालय घाटाखाली, गोव्यातील दोना पावला येथे आले. या संस्थेची मुळे एका मोहिमेच्या बाटल्यांत आहेत.

त्याआधी, सप्टेंबर १९३३ मध्ये, ‘मबाहिस’ हे इजिप्तचे जहाज अलेक्झांड्रियाहून निघाले. उर्दूतील ‘बहस’ आणि हे नाव एकाच अरबी धातूचे. मोहिमेचे नेते सेमूर सेवेल हे भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे माजी संचालक होते. अब्देल फत्ताह मोहम्मद व हुसेन फौजी हे इजिप्शियन शास्त्रज्ञही जहाजावर होते. परंतु जमवलेले प्राणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. जहाज पूर्वेचे, समुद्र पूर्वेचा आणि नमुने मात्र लंडनला; ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

१९६० ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत हे चित्र पालटले. निरनिराळ्या देशांच्या जहाजांनी एकाच मापाचे जाळे २०० मीटरपासून पृष्ठभागापर्यंत ओढून प्लवक प्राणी गोळा केले आणि हे नमुने युनेस्कोच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या कोचीच्या हिंदी महासागर जीवशास्त्र केंद्रात आले. खरे काम तेथे सुरू झाले. सूक्ष्मदर्शकाखाली कोपेपॉड, बाणकृमी, माशांची पिल्ले वेगळी करायची, मोजायची आणि त्या त्या गटाच्या तज्ज्ञाकडे सोपवायची. जहाज, ठिकाण, खोली व वेळ यांची नोंद बाटलीवर नसेल तर आतील जीव शास्त्राच्या उपयोगाचा राहत नाही. अशा कष्टाच्या कामाला प्रसिद्धी फारशी मिळत नाही, पण मोहिमेचा खर्च सार्थकी लागतो तो यातूनच. त्या नोंदींवरून प्लवकांच्या वितरणाचे नकाशे छापले गेले. १९६६ मध्ये हे केंद्र नव्या संस्थेत विलीन झाले. तिचे पहिले संचालक डॉ. एन. के. पणिक्कर होते.

१९७४ ते १९८१ या काळात संचालकपदी डॉ. सय्यद जहूर कासिम होते. अलाहाबादेत जन्मलेले, अलीगढमध्ये शिकलेले कासिम पुढे जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरूही झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली.

दुसऱ्या हिंदी महासागर मोहिमेचा आरंभ ४ डिसेंबर २०१५ रोजी गोव्यात झाला. कासिम यांचे निधन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाले होते.