दाईंहाट: छावणी उठल्यावर

नागपूरच्या महाल भागात वाढलेल्या माझ्यासारखीच्या कानावर नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करराम ऊर्फ भास्करपंत कोल्हटकर यांचे नाव लहानपणीच पडते. त्यांनी बंगाल हादरवला, हे आम्ही अभिमानाने ऐकले. ज्या गावात त्यांची छावणी उधळली गेली, त्या दाईंहाटाबद्दल मात्र कुणी काही सांगितले नाही.

पूर्व बर्धमान जिल्ह्यात, काटव्याच्या दक्षिणेला, भागीरथीच्या पश्चिम काठावर हे गाव आहे. बारा घाट आणि तेरा बाजार अशी ख्याती असलेल्या इंद्राणी परगण्यातले. बंगाली महाभारत रचणारे काशीराम दास याच टापूतल्या सिंगीचे. पुढे नदी पूर्वेकडे सरकली आणि १९१३ मध्ये बांडेल–काटवा रेल्वे सुरू झाली, तेव्हा घाटांचे उरलेसुरले महत्त्वही गेले.

१७४२ च्या पावसाळ्यात, बंगालवरच्या स्वारीत, मराठ्यांना मिळालेल्या मीर हबीबच्या सल्ल्याने भास्करपंत नागपूरला न परतता काटव्याला थांबले. नद्या दुथडी भरलेल्या. बंगालचा नवाब अलीवर्दीखान पलीकडे अडकलेला. आश्विनात पंतांनी दाईंहाटला दुर्गापूजा मांडली, तीही थाटात. तिची सामग्री भोवतालच्या जमीनदारांकडून वसूल केली होती. नवाबाने होड्यांचा पूल बांधला. तो मध्येच तुटून माणसे बुडाली, तरी फौज पार झाली आणि नवमीच्या पहाटे छावणीवर तुटून पडली. पूजा अर्धवट टाकून पंत निघाले. १७४४ मध्ये मानकरा येथे बोलण्यांच्या तंबूतच त्यांचा खून झाला. १७५१ च्या तहाने नागपूरकरांना बंगालची वार्षिक १२ लाखांची चौथाई मिळाली.

आपल्याकडची हकीगत इथे थांबते. गंगाराम या बंगाली कवीने त्याच सुमारास ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिले. त्यात पोथ्या उचलून पळणारे पंडित आहेत, तराजू घेऊन पळणारे सोनार आहेत, जाळी घेऊन निघालेले कोळी आहेत. जळालेली गावे आहेत, बायकांवरचे अत्याचार आहेत. ते वाचताना मला आपल्या माणसांची लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी.

दाईंहाट मात्र पुन्हा उभे राहिले. इथे पितळ-काशाची भांडी घडली, दगडाच्या मूर्ती घडल्या. राणी रासमणींनी १८५५ मध्ये दक्षिणेश्वरात स्थापलेली कालीमूर्ती दाईंहाटच्या नवीन भास्करांच्या छिन्नीतून उतरली. लाखो लोक तिच्यापुढे हात जोडतात. मूर्तिकाराचे गाव किती जणांना ठाऊक असेल? कार्तिक पौर्णिमेला इथला रास उत्सव भरतो आणि त्यात कालीसह अनेक देवतांच्या मूर्ती पूजल्या जातात.

नगरपालिका १८६९ ची, प्रभाग १४, वस्ती २०११ च्या जनगणनेत जेमतेम २४ हजार. राजकारण मात्र चुरशीचे. राज्यभर तृणमूलची लाट असताना २०१५ मध्ये इथल्या मतदारांनी डाव्यांना निवडले. २०२२ मध्ये साऱ्या बंगालमध्ये डाव्यांकडे एकटी ताहेरपूरची नगरपालिका उरली; दाईंहाटही गेले.

आपल्या पाठ्यपुस्तकांत भास्करपंतांचे पान आहे. त्याच पानावर गंगारामाने पाहिलेली ती पळणारी माणसेही आली पाहिजेत.