पंधरा दिवसांची जमावबंदी

बीडच्या दैनिकांत आतल्या पानावर अधूनमधून एक छोटी बातमी झळकते: जिल्ह्यात मनाई आदेश लागू. सण, मोर्चा, उपोषण, निवडणूक, काहीही कारण पुरते. वाचक पान उलटतो.

या आदेशाचे कूळ दुहेरी आहे. थोरली पाती इंग्रजांची. 1857चा धसका घेतलेल्या सरकारने 1861मध्ये फौजदारी प्रक्रिया संहिता आणली आणि गडबड होण्याआधीच हुकूम काढायची मुभा दंडाधिकाऱ्याला दिली. 1882च्या संहितेत त्या तरतुदीला 144 हा क्रमांक मिळाला. धाकटी पाती मुंबई पोलीस अधिनियमाची, 1951ची. बीड तेव्हा हैदराबाद राज्यात होते. 1956मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे हा कायदाही इकडे पोचला.

त्यातले कलम 37 मुळातून वाचावे. तलवारी, भाले, सोटे आणि बंदुकांबरोबरच फेकायला जमवलेले दगडही त्यात आहेत. प्रेतांचे वा पुतळ्यांचे प्रदर्शन नको, चिथावणीची भाषणे नकोत, एवढेच काय, हावभाव आणि नकलाही नकोत! सोंगाड्यालाही धाक बसावा असा हा मसुदा. जमाव आणि मिरवणुकांवरही बंदी घालता येते, मात्र तिची मुदत पंधरा दिवसांची; त्यापुढे राज्य सरकारची मंजुरी हवी. मर्यादा म्हणून घातलेली ही मुदतच पुढे वहिवाट झाली. एक आदेश संपतो, दुसरा निघतो.

असे मनाई आदेश घटनेत बसतात का? नागपुरात 1956मध्ये गिरणी कामगारांच्या दोन गटांत तंटा झाला, 144 लागले, आणि बाबुलाल पराते सर्वोच्च न्यायालयात गेले. 1961च्या निकालात न्यायमूर्ती मुधोळकरांनी कलम वैध ठरवले: दंगा होईपर्यंत थांबायची गरज नाही, पण प्रसंग निकडीचा हवा. पुढे राममनोहर लोहियांच्या खटल्यात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळे कल्पिली. सर्वांत मोठे कायदा-सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि गाभ्यात राज्याच्या सुरक्षिततेचे. दोन माणसांची हाणामारी पहिल्या वर्तुळातच राहते. नेहमीच्या मनाई आदेशात हा फरक दिसत नाही.

30 ऑक्टोबर 2023ला मात्र तो दिसला. मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले होते. माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचे घर जाळले गेले, बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांचे. त्या दिवशी जमावबंदी पुरली नाही, थेट संचारबंदी लावावी लागली. अंतरवाली सराटीत आंदोलकांवर झालेला लाठीमार, शेतीची दैना, जातीजातींत वाढलेले अंतर आणि निवडणुकीचे गणित, यांतले एकही कारण कलम 37च्या यादीत बसत नाही. कलमाला हातातला दगड दिसतो, तो उचलायला लावणारे वर्ष दिसत नाही.

1 जुलै 2024पासून 144ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163ने घेतली. त्याच वर्षी 9 डिसेंबरला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, 28 डिसेंबरला बीडमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, आणि जानेवारीत जिल्ह्यात पुन्हा जमावबंदीचे आदेश निघाले.